बटण दाबून कॉफी

"ईस्टरला मी येणार. बटण दाबलं की कॉफी झाली पाहिजे. झाली तर घर ठेवू, नाही झाली तर विकून टाकू," असं म्हणून बोरघिलने फोन ठेवला, तेव्हा आयलिफच्या हातातला मासा कढईत पडायचा तो सिंकमध्ये पडला.

बोरघिल ही आयलिफची थोरली बहीण. डोंगरावरचं ते लाकडी घर वडिलांनी बांधलेलं, त्यामुळे अर्धं तिचं, अर्धं ह्याचं. तिथे वीज नव्हती. चूल आणि मेणबत्त्या यांच्यावर इतकी वर्षं सगळ्यांचं सुखात चाललं होतं. पण सत्तरी उलटल्यावर बोरघिलला एकाएकी साक्षात्कार झाला की तिथे आपले फार हाल होतात. त्यात बर्गन शहरातल्या एका दंतवैद्याने घर मागितलं होतं.

आयलिफची झोपच उडाली. बिचाऱ्याने उभा जन्म शाळेतल्या मुलांना बँड शिकवण्यात घालवला होता. नवशिक्या पोरांच्या हातात ट्रॉम्बोन दिला की काय होतं, हे ज्याने सोसलंय त्यालाच कळेल. आता निवृत्तीनंतर त्याला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे शांतता. आणि ती जगात एकाच ठिकाणी मिळत होती, त्या घरात. ओट्यावर बसावं, समोर बर्फ बघावा आणि कोणी काही वाजवू नये, बस्स. त्या जागी एक दंतवैद्य बसणार, या कल्पनेनेच त्याच्या दाढा दुखायला लागल्या.

"मग नुसते उसासे काय टाकतोस?" त्याची बायको गुनवोर म्हणाली. "लोक घेतात तशा बॅटऱ्या घे, भिंतीला सोलर पॅनेल ठोक, आणि दे तिला बटण."

आयलिफने चार लिथियमच्या बॅटऱ्या घेतल्या, पॅनेल घेतली, इन्व्हर्टर घेतला आणि ईस्टरच्या आठवड्यात सगळं स्लेजवर लादून वर नेलं. माणूस नेटका. लाकडाच्या कोठीत फळी टाकून त्याने बॅटऱ्या ओळीने मांडल्या, अधिकला अधिक आणि उण्याला उणं जोडत गेला, आणि दाराजवळची जी पहिली बॅटरी होती तिच्यावरूनच दोन्ही तारा घरात नेल्या. सोयीचं पडत होतं. काम झाल्यावर दोन पावलं मागे सरून त्याने ते असं कौतुकाने पाहिलं की पोटच्या पोराकडे कोणी पाहणार नाही.

ऊन लख्ख होतं. बर्फावरून परत उडून दुप्पट होत होतं. पॅनेल वीज ओतत होती आणि बॅटऱ्या ढिम्म.

"खात नाहीत का काही?" गुनवोरने विचारलं.

"तोंडच उघडत नाहीत."

आयलिफने चष्मा लावून माहितीपत्रक वाचलं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की शून्याखालच्या थंडीत ह्या बॅटऱ्या चार्जिंग घेत नाहीत. कोठीत थंडी अशी होती की कुलूपसुद्धा हाताला चिकटत होतं. म्हणजे बॅटऱ्यांना घरात, चुलीच्या उबेला न्यायला हवं होतं. बसायच्या लांब बाकाखाली जागा होती. दोघं नवराबायको एकेक बॅटरी उचलून बर्फातून धापा टाकत निघाले, आणि खरी पंचाईत तिथे सुरू झाली.

कारण ते आस्मुंडने पाहिलं. आस्मुंड पलीकडच्या घरातला, जहाजाच्या इंजिनखोलीत जन्म काढलेला गडी. त्या भागात कोणी जड काही उचलताना दिसलं की शेजाऱ्याने बोलावण्याची वाट बघायची नसते. पाना घेऊन यायचं आणि कामाला लागायचं. ह्याला डुगनाड म्हणतात. आलेल्याने पैसे मागायचे नाहीत आणि घरच्यांनी त्याला गरम वॉफल आणि कॉफी दिल्याशिवाय सोडायचं नाही. वॉफल न देता डुगनाड उरकणाऱ्याबद्दल लोक त्याच्या नातवंडांच्या लग्नातसुद्धा बोलतात.

आस्मुंडने एक बॅटरी उचलली, बाकाखाली सरकवली आणि हात झटकून खुर्चीवर बसला. आयलिफने होत्या तशाच ओळीत तारा जोडल्या. तासाभरात बॅटऱ्या उबल्या, निमूट खायला लागल्या आणि ओसरीवरचा दिवा लागला. आयलिफच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता वॉफल," गुनवोर म्हणाली.

"आणि कॉफीपण. बटणावरची! परीक्षा आत्ताच होऊन जाऊ दे," आयलिफ म्हणाला.

तिने विजेचा वॉफलचा साचा लावला. त्याने कॉफीच्या यंत्राचं बटण दाबलं. इन्व्हर्टर किंचाळला आणि दिव्यासकट सगळं गप्प झालं.

"नट सैल आहे," आस्मुंड बसल्या जागेवरून म्हणाला.

"बघितलास?"

"त्यात बघायचं काय? नट सैलच असतो."

सगळं बंद करून नट आवळले. पुन्हा चालू केलं. दिवा लागला, साचा तापला, वॉफल फुगायला लागला आणि गप्प. पुन्हा बंद, पुन्हा चालू. बाहेर उजेड कलत आला होता, आणि ओसरीवरचा दिवा लागत होता, विझत होता.

हे खालच्या उतारावरून युरुनने पाहिलं. युरुन डोंगरातल्या बचाव पथकात. दिवा लागतोय-विझतोय म्हणजे कोणीतरी मदतीला बोलावतंय, असं तिने ताडलं आणि पथकातले दोन दांडगे गडी घेऊन, मागे स्ट्रेचर बांधून, ती बर्फाच्या स्कूटरवरून थेट दारात आली.

"जखमी कुठाय?"

"जखमी नाही गं, वॉफल आहे," गुनवोर म्हणाली. "म्हणजे नाहीये. होईल."

"बरं झालं. वाटेत ही बाई भेटली. एक दिवस आधीच आले म्हणाली, आमचंच घर आहे म्हणाली," असं म्हणून युरुन बाजूला झाली. मागे स्ट्रेचरवर, मांडीवर पर्स घेऊन, बोरघिल बसली होती.

आयलिफची पाचावर धारण बसली. बोरघिल उतरली, आत आली, कोट काढला आणि सरळ त्या बाकावर जाऊन बसली. बॅटऱ्या तिच्या बरोबर खाली.

"हं," ती म्हणाली. "बटण कुठाय?"

आता घरात पाच पाहुणे जमले आणि साचा विझलेला. रीतीप्रमाणे युरुन आणि ते दोघे मदतीला आलेले, तेव्हा तेही डुगनाडातच. म्हणजे वॉफल जास्त लागणार. वॉफल जास्त म्हणजे वीजही जास्त. आणि वीज आणायची तर मदत करणाऱ्यांना आधी खायला घालायला हवं होतं.

"इन्व्हर्टर लहान पडतोय," दांडग्यांपैकी एक म्हणाला.

"तार बारीक आहे," दुसरा म्हणाला.

"नट," आस्मुंड म्हणाला.

"गुनवोर, चुलीवरची किटली आहे ना, तोवर तीच दे," युरुन म्हणाली. "गुनवोर, साखर?" "गुनवोर, ते तपकिरी चीज इकडे घे ना." "गुनवोर, मला चुलीवरची नको. मी बटणावरच्या कॉफीसाठी आलेय," बोरघिल म्हणाली.

गुनवोरने किटली दाणकन खाली ठेवली.

"अरे, काय चाललंय काय तुमचं? घरात एवढी माणसं, आणि मागायचं ते सगळं माझ्याकडेच! का, तर मी दाराशी उभी आहे म्हणून! तिकडे कोपऱ्यात आस्मुंड बसलाय, त्याच्या पुढ्यात चीज आहे, पण त्याला कोणी हाक मारत नाही. मी एकटी मरते आणि बाकीचे आपले आरामात ओळीने बसलेत!"

आयलिफ हातातला पाना तसाच धरून बायकोकडे बघत राहिला.

"परत म्हण," तो म्हणाला.

"लाज नाही वाटत?"

"नाही गं, खरंच! पहिली बॅटरी दाराशी आहे. दोन्ही तारा तिच्यावरूनच घेतल्यात मी. सगळा भार तीच ओढतेय, ती दमून बंद पडते, आणि बाकीच्या तिघी बसून राहतात. एक तार पहिलीवरून आणि दुसरी शेवटचीवरून घेतली की सगळ्यांना सारखं ओढावं लागेल! बोरघिल, ऊठ!"

"का?"

"बॅटऱ्या तुझ्या खाली आहेत."

"मी कॉफीसाठी बसलेय. कॉफी आली की उठेन."

"अगं, तू उठल्याशिवाय कॉफी येत नाही."

"लहानपणापासून बघतेय तुझी कारणं," बोरघिल म्हणाली आणि पर्स जास्तच घट्ट धरून बसली. आयलिफला दंतवैद्य दिसायला लागला. "ताई," तो म्हणाला, "हे घर गेलं तर मी जाऊ कुठे गं?"

बोरघिल जागची हलली नाही. तेव्हा युरुन पुढे झाली आणि तिने बोरघिलच्या मनगटाला हात लावला.

"कुठे दुखतंय का?"

"कुठेही दुखत नाही!"

"धक्का बसलाय," युरुन पथकाला म्हणाली. "घ्या."

दोन्ही दांडग्यांनी बोरघिलला बाकावरच्या घोंगडीसकट अलगद उचललं आणि खिडकीजवळच्या खुर्चीत नेऊन ठेवलं. तिचं वासलेलं तोंड मिटायच्या आत काम झालं होतं. आयलिफ बाकाखाली शिरला. सगळं बंद केलं, उण्याची तार पहिलीवरून काढली, शेवटचीला लावली. आस्मुंडने नट आवळला, आणि त्या नटाला खरोखरच गरज होती, हे मान्य करायला हवं.

साचा लावला. दिवा जळत राहिला. कॉफीचं यंत्र बोरघिलच्या पुढ्यात आणून ठेवलं. तिने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, बोट पुढे केलं आणि बटण दाबलं. यंत्र गुरगुरलं, खळखळलं, आणि कॉफी थेंबथेंब पडायला लागली. दिवा लुकलुकलासुद्धा नाही.

बोरघिलने एक घोट घेतला. गरम वॉफलवर जॅम घेतला. आस्मुंडने जहाजावरचा एक किस्सा सांगितला, त्यावर तिने स्वतःचे तीन सांगितले. खोलीत हसण्याचा नुसता धुमाकूळ झाला. इतक्या मंडळींत ती कित्येक वर्षांत बसली नव्हती.

"आयलिफ," मंडळींची निघायची वेळ झाली तेव्हा ती म्हणाली, "त्या दंतवैद्याला कळव. घर विकायचं नाही."

आयलिफने तिला चक्क मिठी मारली. गुनवोरनेही मारली. आस्मुंडने पाना उंच धरला.

"विकायचं कशाला?" बोरघिल पुढे म्हणाली. "इथे उजेड आहे, कॉफी आहे, शेजारी आहेत. शहरातल्या फ्लॅटमध्ये आहे काय? भिंती! मी आता इथेच राहणार. उद्या टीव्ही आणते. रेडिओपण."

आणि ती राहिली. रेडिओ सकाळी सुरू होतो, टीव्ही दुपारी, आणि संध्याकाळी आस्मुंड, युरुन आणि पथक. आता बॅटऱ्या सगळ्या सारख्या ओढतात, त्यामुळे कोणतंच यंत्र कधी बंद पडत नाही. आयलिफ ओट्यावर दोन आठवडे बसला आणि मग त्याने हात टेकले.

हल्ली तो दर शुक्रवारी बोरघिलच्या शहरातल्या फ्लॅटची किल्ली घेऊन खाली उतरतो आणि रविवारी संध्याकाळी, चेहऱ्यावर मोठं समाधान घेऊन परततो.

"झाडांना पाणी घालायला एवढा वेळ?" गुनवोर विचारते.

"काळजी घ्यावी लागते गं," आयलिफ म्हणतो.

फ्लॅटमध्ये एकच झाड आहे. निवडुंग.