नानांचा वाकडा 'क'

शहागंजात माझे घरमालक होते नाना. त्यांच्याकडे वाटीभर साखर मागितली तरी म्हणत, "तोंडी नको. तहरीर पाहिजे." मग चिठोऱ्यावर मागणी लिहून द्यायची. ती ते वाचत नसत, कारण देवनागरी त्यांना येत नव्हती. नुसती फायलीला लावत आणि साखर देत.

शिक्षण सगळं निजामाच्या राज्यात, उर्दूत. मराठी बोलायचे झकास, पण लिहायचे उर्दू अक्षरांत, उजवीकडून डावीकडं. पोलीस अ‍ॅक्शननंतर कचेरीत मराठी आली आणि चारेक वर्षांत नाना पेन्शनीत निघाले.

एकुलती मुलगी कमल कन्नड गावी दिलेली. तिलाही ते तसंच उर्दू अक्षरांत पत्र लिहीत. सासरी कोणाला उर्दू येईना, आणि घरातली गोष्ट परक्याला कशी दाखवायची? म्हणून कमल दर महिन्याला पत्र घेऊन एसटीनं यायची आणि नानांकडूनच वाचून घ्यायची. शेवटी जावई मला म्हणाले, "मास्तर, म्हाताऱ्याला चार अक्षरं शिकवा की. लई खेटे पडायलेत."

मी शाळामास्तर, जोमानं लागलो. तीन महिन्यांत नाना 'क'च्या पुढं सरकले नाहीत. "डोकं गंजलं, मास्तर," म्हणायचे आणि चहा मागवायचे. मला त्यांची कीव यायची, आणि खरं सांगायचं तर माझ्या शिकवण्याची लाजही वाटायची.

एकदा माझा रजेचा अर्ज त्यांच्याकडे विसरलो. परत आलो तर समासात ठसठशीत देवनागरी: 'तारीख नाही. कारण मोघम. असा अर्ज नामंजूर होतो.' अर्धवट अर्ज बघून म्हाताऱ्याला राहवलं नव्हतं.

मी कागद समोर धरला.

"कचेरीत शेवटची चार वर्षं काय झोपा काढल्या व्हय मी?" नाना आधी डाफरले. मग आवाज उतरला. "तिची सासू कारणाबिगर पोरीला धाडत नाय. कमलच्या आईला जाऊन सहा वर्षं झाली, इथं मी एकटाच. पत्र तिथंच वाचता आलं, तर ती कशाला येईल?"

पत्रांत काय असायचं ते मी ऐकलं होतं. मांजरीला पिल्लं झाली, कोथिंबीर उगवली. मी माझ्या आईला महिन्याला दोन ओळींचं कार्ड टाकायचो आणि स्वतःला चांगला मुलगा समजायचो. त्या दिवशी माझी मलाच लाज वाटली.

पुढच्या खेपेला कमलबरोबर जावई आले. "काय मास्तर, शिकले का आमचे सासरे?"

नाना पाटी मांडीवर घेऊन, मान खाली घालून बसले होते.

"नाही हो," मी म्हणालो. "इतका ढ विद्यार्थी जन्मात पाहिला नाही. माझ्याच्यानं होणार नाही."

जावयांनी कपाळाला हात लावला. नानांनी पाटी पुसली आणि पुन्हा एक वाकडा 'क' काढला.