नारबाकाकांची बाजू

नारबाकाकांना शिंक आली की ते आधी आजूबाजूला बघत. सरकारच्या बाजूचं कोणी नुकतंच शिंकलं असेल, तर काका नाक दाबून आपली शिंक गिळून टाकत.

बदनापुरात ते आमचे शेजारी. गावात तेव्हा दोनच बाजू होत्या, एक निजाम सरकारची आणि दुसरी निजामाविरुद्ध उभ्या राहिलेल्या सभेची. काका सभेचे. प्रभातफेरीत झेंडा धरायचा मान त्यांचा. कोणी काहीही विचारलं तरी म्हणत, "पहिले बाजू सांग, मंग बोल." मी औरंगाबादला कॉलेजात गेलो तेव्हा मलाही त्यांनी बाजू विचारली. मी घाबरत म्हणालो, काका, मी बीजगणित शिकतो. त्यावर त्यांनी विचारलं, "ते कुणाच्या बाजूचं?"

त्यांचा धाकटा भाऊ ग्यानबा सरकारच्या बाजूचा. दोघांत सात वर्षं अबोला. काकांनी कापूस पेरला की ग्यानबा हटकून ज्वारी पेरायचा.

त्या साली मी सुट्टीला घरी आलो होतो, तेव्हा गावात उंदीर मरून पडू लागले. प्लेग आला म्हणून सगळ्यांनी घरं सोडून शेतात झोपड्या घातल्या. या दोघांच्या वाटण्या एकाच मळ्यात, त्यामुळे झोपड्या पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या. ग्यानबाचं दार पूर्वेला, म्हणून काकांचं पश्चिमेला. दुपारभर ऊन थेट तोंडावर येई, पण काका हलले नाहीत.

मग तहसिलीतून सुई टोचणारे डॉक्टर आले. सरकारी सुई म्हणून सभेच्या लोकांनी दंड झाकून घेतले, आणि ग्यानबाची माणसं रांगेत उभी राहिली. एवढ्यात जालन्याहून सभेचे पुढारी आले आणि सांगू लागले की सुई सगळ्यांनी घ्यावी. काका तडक रांगेच्या पुढं गेले आणि पहिला दंड त्यांनी दिला. झालं! ग्यानबाची अख्खी रांग जागच्या जागी वळली आणि झोपड्यांकडं चालू लागली. सुई आता सभेची झाली होती. डॉक्टर बिचारे सुई हातात धरून पाठमोऱ्या रांगेकडं बघत राहिले.

दोन दिवसांनी ग्यानबाच्या शेजारच्या झोपडीत एकाला गाठ आली. डॉक्टर दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी जाणार होते. मी कॉलेजातून आणलेलं आरोग्याचं पुस्तक घेऊन ग्यानबाकडं गेलो, प्लेगच्या गाठीचं चित्र दाखवलं, जमेल तसं समजावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नारबानं घेतली ना? मंग मला बिलकुल नको."

मी ते काकांना सांगितलं. त्यांनी बाजूचं नाव काढलं नाही. आपल्या लोकांचं सगळ्यांचं टोचून झालं का, एवढंच दोनदा विचारलं. झालं म्हटल्यावर उठले, वडाखाली जाऊन उभे राहिले आणि मळाभर ऐकू जाईल असं ओरडले, "मंडळी, मी फसलो. ही सुई म्हंजे सरकारची चाल हाय. कोणी घेऊ नका."

घटकाभरात ग्यानबा आपली सगळी माणसं घेऊन डॉक्टरांपुढं हजर. बाही वर करून, काकांच्या झोपडीकडं बघत त्यानं टोचून घेतलं.

संध्याकाळी सभेचे लोक आले. काका फितूर झाले म्हणाले आणि झेंडा मागू लागले. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर काकांनी माझा हात दाबला. काठी पुसली आणि झेंडा देऊन टाकला.

नंतर पलीकडून ग्यानबाचं कण्हणं ऐकू आलं. दंड सुजला असावा. काकांनी चुलीतली गरम वीट काढली, फडक्यात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

"दंड शेकाय सांग त्याला. ल्हानपणापासून त्याला दुखणं सोसत न्हाई." मी निघालो तसे हळूच म्हणाले, "मी दिली म्हणू नको. न्हाईतर शेकायचा न्हाई."