चाचींचा बंब

लग्नाला जातानाही इस्माईलचाचांच्या खिशात पान्हा असायचा. एका निकाहात ऐन वेळी माईक खरखरला, तर चाचांनी तो काझींच्या हातातून काढून घेतला आणि तिथेच मांडी घालून उघडला. माईक कायमचा गप्प झाला. उरलेला निकाह काझींनी घसा ताणून लावला.

आमचे हे शेजारी जन्मभर कट्टा गावच्या बाजारात चपला विकत आले. यंत्रांशी संबंध म्हणाल तर दुकानातला पंखा, आणि त्यांनी हात लावल्यापासून तोही उलटा फिरतो. पण आळीत कुणाचं काही बंद पडल्याचा वास त्यांना कसा लागायचा कुणास ठाऊक. "मिस्त्री कित्याक व्हयो? आपले हात खंय गेले?" म्हणत ते दारात हजर. आमचा मिक्सर बंद पडला तेव्हा त्याच्यावर हात फिरवून म्हणाले, "बिघडूक नाय गो, रुसलो आसा." त्यांनी रुसवा काढल्यापासून तो झाकण उघडं ठेवल्यावरच फिरतो. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर चटणीची नक्षी आहे ती त्यांच्यामुळे.

रोग परवडला पण इलाज नको, अशी आमची गत. तरी त्यांना नाही म्हणायचा धीर कुणाला नव्हता. काम झालं की ते इतक्या समाधानाने चहा पीत, की आम्ही आनंदाने पंखा लावून दाखवायचो आणि ते वळले की मागच्या दाराने मिस्त्रीला बोलवायचो. सगळ्या आळीचा हा गुपचूप कारभार होता.

मग जुलेखाचाची आजारी पडल्या. आता घरीच ठेवा, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला, आणि त्या दिवसापासून चाचांचं वेड दुप्पट झालं. सकाळी चहाच्या आधीच ते दारात उभे. "काय बिघडलां काय गो?" काही नाही म्हटलं की तोंड एवढंसं व्हायचं. मला ते बघवेना. एकदा तर मी कपाटाच्या कडीचे स्क्रू मुद्दाम सैल करून ठेवले.

चाचींना सारखी थंडी वाजायची. दिवसभरात सुख असं एकच उरलं होतं, सकाळची कढत पाण्याची आंघोळ. मुलगा गीझर बसवतो म्हणाला, पण त्यांना माहेरून आलेल्या तांब्याच्या बंबातलंच पाणी हवं असायचं. आणि नेमका तोच बंब बुडाशी गळायला लागला.

मला वाटलं, आता चाचांना सण. पण ते नुसतेच आमच्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "मिस्त्रीक बोलवू काय गो?"

मी म्हटलं, "तुम्ही नाही करणार?"

"तुमी मागसून मिस्त्री बोलवतास, ता काय माका ठावक नाय?" ते जमिनीकडे बघत म्हणाले. "लोकांचो मिक्सर येगळो. हो तिचो बंब. माज्या हातान फुटलो तर तिका पाणी खंयसून देऊ?"

मला खूप ओशाळल्यासारखं झालं. मी त्यांच्याबरोबर घरी गेले. चाचींची खाट न्हाणीच्या दारासमोरच होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मिस्त्री नको. तुमीच करा."

"आणि फुटलो तर?"

"फुटलो तर फुटलो. तुमका सगळो गाव दिसता, घर काय दिसना नाय. हयसर बसा, माज्या समोर."

चाचांना खाटेजवळ बसवत नव्हतं, म्हणूनच ते लोकांचे पंखे उघडत हिंडत होते. हे चाचींनी केव्हाच ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते न्हाणीत बसायला लागले. सकाळी गळतं पाणी धरायला बंबाखाली तपेलं ठेवून पाणी तापवायचं, चाचींची आंघोळ झाली की बंब रिकामा करून बुडाला वितळवलेल्या कथलाचा डाख लावायचा, हातोडीने ठोकायचं. अधूनमधून आतून चाची विचारायच्या, "झालो काय ओ?" "नाय गो, अजून गळता." मग दोघांच्या गप्पा. चपला कोण उधार घेऊन गेला, कोणाच्या लग्नात बिर्याणी कच्ची राहिली. असे कितीतरी आठवडे गेले.

एका सकाळी मी पेज घेऊन गेले. बंब काठोकाठ भरलेला, पोटात निखारे, आणि गळतीखालचं तपेलं कोरडं ठणठणीत. मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी मान फिरवली आणि हातोडी उचलून न्हाणीच्या दगडावरच टक टक सुरू केली.

मी आत पेज ठेवली. चाचींनी माझा हात धरून जवळ ओढलं.

"बंब कधीच बरो झालो गो," त्या हळूच म्हणाल्या. "टपटप बंद झाली ता माका आयकाक येता. तेंका सांगू नको हां. ते परत गावभर फिरतले."

मला रडू आवरेना. डोळे पुसून मी बाहेर आले आणि आतपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चाचा, हयसून अजून पाझरता हा."

चाचा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "होय गो. जरा दिवस लागतले."

चाची मे महिन्यात गेल्या. तोपर्यंत बंबाची दुरुस्ती रोज चालू होती.