चौकशीचे पोहे

रेश्माचं लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं आणि तिचा प्रबंध दिवाळीआधी संपायला हवा होता, कारण सासरच्यांनी शिकायची परवानगी अक्षता पडेपर्यंतचीच दिली होती. बारामतीच्या कॉलेजात ती मानसशास्त्रात एम.फिल. करत होती. विषय तिच्या सरांनी कुठल्याशा परदेशी मासिकातून काढला होता : लग्नाआधी एकमेकांना भेटणाऱ्या तरुण-तरुणींना मारहाणीबद्दल काय वाटतं, आणि घरातली मारहाण बघून लहान मुलांच्या मनाचं काय होतं. ऐकायला विषय झकास होता. अडचण एवढीच, की बारामती-इंदापूरकडं लग्नाआधी कुणी कुणाला भेटत नव्हतं, आणि भेटलंच तर सांगत नव्हतं.

"साखरपुडा ते लग्न एवढा काळ धर," सर म्हणाले. "तेच आपलं भेटणं. एखादं गाव घे आणि सुटका करून घे."

सुटका रेश्मालाही हवीच होती. तिचा होणारा नवरा दिग्विजय वालचंदनगरला नोकरीला होता, तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचा. साखरपुड्यानंतर तो एकदा तिला भेटायला बारामतीच्या स्टँडवर आला, तेव्हा ती वर्गातल्या एका मुलाशी बोलत उभी होती. दिग्विजयनं तिचं मनगट धरलं आणि तिला ओढत बाजूला नेलं. बांगडी फुटून मनगटात रुतली. तिनं हे रावजीमामाला सांगितलं, तर मामा म्हणाला, "अगं, माया असल्याबिगर कुणी एवढं वढतंय व्हय? मी सोता वालचंदनगरला जाऊन शेजारीपाजारी चौकशी केलीया. समद्यांच्या तोंडी एकच, पोरगं म्हंजे गाय हाय." रेश्मानं मनगटाला हळद लावली आणि विषय मनातून काढून टाकला. तो काही पुरता निघाला नाही.

गाव म्हणून तिनं सणसर निवडलं, कारण एसटी थेट जात होती. पिशवीत लहान मुलांसाठी एक बाहुला आणि एक बाहुली घेतली. मुलं बोलत नाहीत, पण खेळायला दिलं की घरातलं सगळं खेळून दाखवतात, असं पुस्तकात लिहिलं होतं.

पहिल्याच घराच्या ओट्यावर साखरबाई नावाची म्हातारी शेंगा फोडत बसली होती. शेजारी तिची नात होती. पोरीचं नाव नकोशी. चौथीही मुलगीच झाल्यावर घरच्यांनी ठेवलेलं. मुलांच्या मनाचा अभ्यास खरं तर तिथंच संपायला हरकत नव्हती.

"आजी, गावातल्या तरुण मुलांबद्दल विचारायचं होतं," रेश्मा म्हणाली. "मुलगा रागावला, तर मुलीवर हात उगारतो का, असं."

साखरबाईनं मान वळवून उजवा कान पुढं केला. "ह्या बाजूनं बोल बाय. त्या कानाला येत न्हाय."

रेश्मानं पुन्हा सांगितलं. साखरबाईनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. परगावची बाई, इस्त्रीची साडी, आणि पोराच्या रागाची विचारपूस. अशा बाईचं गावात एकच काम असतं. समोरच्या सर्जेरावांच्या विकीला स्थळं येत होती. मुलीकडची माणसं असंच नावगाव न सांगता येतात आणि आधी शेजाऱ्यांना गाठतात. ही जशी रीत, तसं शेजाऱ्यांनी काय सांगायचं याचीही रीत आहे.

"विकीचं इचारतीयास न्हवं?"

"विकी कोण?"

साखरबाई खूश झाली. पक्की माणसं अशीच कानावर हात ठेवतात. "पोरगं म्हंजे गाय हाय. मुंगीला वाट दील. आन् आमच्या गावात बायकांवर हात उचलायची चालच न्हाय."

रेश्मा पुढच्या घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. तिथं फोडणी तडतडत होती. पोहे आले, वर खोबरं आलं, आणि विकी गाय असल्याचं कळलं. त्याच्या पुढच्या घरी पुन्हा पोहे. तिथं विकी लहानपणी पाखराला पाणी पाजायचा. "मी सगळ्याच मुलांबद्दल विचारतेय," असं रेश्मानं म्हटलं की बायका एकमेकींकडं बघून हसत, आणि ताटलीत आणखी एक डाव पडे. दुपारपर्यंत तिच्या पोटात जागा उरली नव्हती आणि प्रबंधात दम. सबंध सणसरात एक चापट सापडेना. हे सरांना दाखवलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, हे संशोधन आहे की आरती?

शेवटी सर्जेरावांनीच तिला घरी बोलावलं. त्यांच्या बायकोनं, कौसल्याकाकूंनी, चादर अंथरली. विकी नव्या शर्टात, ओल्या केसांनी, पाण्याचा तांब्या घेऊन मान खाली घालून आला. दारात शेजारच्या बायका दाटल्या होत्या. नकोशीही त्यांच्यात घुसली होती.

"इचारा, काय इचारायचं त्ये," सर्जेराव म्हणाले. "चालवून दावू का त्याला?"

"नको. ठरलेली मुलगी तुमचं ऐकत नसेल तर तुम्ही काय कराल?"

विकीनं बापाकडं पाहिलं. "मीच तिचं ऐकीन."

रेश्मानं हताश होऊन पिशवीतले बाहुला-बाहुली नकोशीपुढं ठेवले. नकोशीनं बाहुलीला चुलीजवळ बसवलं. बाहुल्याला दारातून आणलं आणि त्याच्या लाकडी हातानं बाहुलीच्या कानाखाली अशी दिली, की ती कौसल्याकाकूंच्या पदरात जाऊन पडली. मग तिला उचलून आणून पुन्हा चुलीजवळ बसवली आणि म्हणाली, "आता भाकरी."

"टीव्हीचं बघती ती," साखरबाई घाईनं म्हणाली.

"टीव्ही आहे तुमच्याकडे?"

"न्हाय."

नवा शर्ट, पाण्याचा तांब्या, घरोघरचे पोहे : आता रेश्माच्या डोक्यात उजेड पडला. "अहो, मी मुलीकडची नाही! मी कॉलेजातून आलेय. अभ्यासासाठी. माझं स्वतःचंच लग्न ठरलंय."

"मग पोहं कशापायी खाल्लंसा?" सर्जेरावांनी दुखावून विचारलं आणि ते बाहेर निघून गेले. विकीनं तिथंच नवा शर्ट काढून खुंटीला अडकवला. दारातल्या बायका मात्र मोकळ्या होऊन आत आल्या आणि ऐसपैस बसल्या.

"आदी सांगायचं न्हाय व्हय! लिव्ह आता," एक जण म्हणाली. "ह्याची पयली सोयरीक कशानं मोडली ठावं हाय? साखरपुडा झाल्यावर जत्रंत भेटली, तर भर पाळण्याम्होरं कानफटात दिली तिच्या."

"मग? दुसऱ्याशी हसत हुती," बनियनमधली गाय म्हणाली.

मग एकेकीनं आपापलं सांगितलं. कुणाचा दात, कुणाचं बोट, कुणाला रात्रभर गोठ्यात. हसत हसत सांगत होत्या, जणू माहेरच्या गमती. रेश्माचा प्रबंध भरून वाहू लागला आणि तिला एक अक्षर लिहवेना.

"पण सकाळी तुम्ही सगळ्यांनी खोटं सांगितलंत," ती साखरबाईला म्हणाली. "आजी, खरीच मुलीकडची असते तर?"

"तर ह्यातलं कायबी सांगितलं नसतं. लगीन मोडायचं पाप कोन घील? चौकशीला आलेल्याला गाय हायच म्हनायचं." साखरबाईनं बहिऱ्या कानावरून पदर सारखा केला. "माझा बा आला हुता, तवा त्यालाबी हितल्यांनी असंच सांगितलं. पोरगं गाय हाय. म्हैन्यात हा कान गेला."

रेश्माचा हात आपसूक मनगटावर गेला. हळदीचा डाग अजून गेला नव्हता.

संध्याकाळी घरी रावजीमामा पत्रिकेचा मजकूर जुळवत बसला होता. रेश्मानं चप्पलही न काढता विचारलं, "मामा, वालचंदनगरला चौकशीला गेलात, तेव्हा आपण कोण म्हणून सांगितलंत?"

"मुलीचा मामा म्हनून. मान किती दिला लोकांनी! जाईल तितं पोहं."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेश्मा वालचंदनगरच्या एसटीत बसली. दिग्विजयच्या क्वार्टरला लागून असलेल्या घराची कडी तिनं वाजवली. एक पोक्त बाई हात पुसत आली, इस्त्रीच्या साडीकडं बघून गोड हसली आणि आत वळून म्हणाली, "पोहे भिजव गं!"

"नको," रेश्मा म्हणाली. शब्द काल सणसरात पाठ झाले होते. "मी कॉलेजातून आलेय. माझा कुणाच्या लग्नाशी काही संबंध नाही."

"अस्सं होय," बाईचं हसू एकदम ओसरलं. तिनं शेजारच्या बंद दाराकडं पाहिलं, रेश्माला हाताला धरून आत घेतलं आणि कडी लावली. "मग बस. खरंच सांगते."