लवंगी पिलाच्या पिंजऱ्याची हकीकत

श्रीगणराय व कुलस्वामिनी यांचे चरणी मस्तक ठेवून लिहिणार लिहितो, डोळ्यांनी देखिले आणि भरवशाच्या मुखे ऐकिले तेवढेच येथे आहे. शके सोळाशे एकाहत्तर, शुक्लनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवशी राज्यात मोठे वर्तमान जाहले. शेजारच्या राज्याशी नदीच्या उताराकरिता, म्हणजे पायी ओलांडण्याच्या जागेकरिता, अकरा वर्षे लढाई चालली होती, दोहींकडील माणूस कामास आले होते, आणि मग दोन्ही राजे थकून तह ठरला, आणि तहाची खूण म्हणून तिकडील राजियांनी आपल्या आवडत्या शिकारी कुत्रीचे दोन महिन्यांचे पिलू वेताच्या टोपलीत घालून वकील दलपतराय यांजबरोबर पाठविले. वकील बोलिले, "आमच्या धन्यांचा निरोप इतकाच की, हिला जपाल तैसा तह जपला ऐसे आम्ही समजू." आमचे राजे धारराव, वय वर्षे बावन्न, अंगावर नऊ जखमांचे वण, त्यांनी टोपलीत हात घातला आणि पिलाने महाराजांचे बोट धरून रक्त काढिले. दरबार थक्क जाहला. महाराज मात्र हसले आणि म्हणाले, "तिखट आहे," आणि पिलाचे नाव लवंगी ठेविले.

मग तीन दिवसांत जे घडले ते लिहिताना लेखणी अडखळते. लवंगी गादीवर चढली आणि भर दरबारी तेथेच मुतली, आणि सरलष्कर निंबाजी यांनी मुजऱ्यास वाकताना सुटलेला डोईचा जरीचा मंदील बाजूस ठेविला तो उभा फाडिला, आणि तिसरे दिवशी चौरंगावरील तहनाम्याचा कोपरा शिक्क्यासह खाल्ला. वकील तेव्हा स्नानास गेले होते म्हणून निभावले. ऐसा अनर्थ देखून कारभारी विसाजीपंत पुढे जाहले आणि म्हणाले, "महाराज, हिला कोंडल्याविना राज्य चालणे नाही." महाराजांनी मान हलविली, आणि पंतांनी शिकारखान्यातून मेलेल्या चित्त्याचा लोखंडी पिंजरा आणविला आणि लवंगीस आत टाकून दिवसभर कडी घातली. ती इतकी ओरडली की न्यायनिवाडे ऐकू येईनात, आणि दुसरे दिवशी दुपारी ओरडणे एकाएकी थांबले. महाराज उठून गेले. पाहतात तो पिलू आपल्याच घाणीत कोपऱ्यास लागून थरथरत आहे, गज चावून चावून एक दात तुटला आहे आणि तोंड रक्ताने भरले आहे. आठ लढायांत महाराजांचा चेहरा कोणी उतरलेला देखिला नव्हता, तो त्या दिवशी पांढरा पडला. पाठोपाठ वकील आले, आणि त्यांनी पाहिले. ते हळूच म्हणाले, "याला आपल्याकडे जपणे म्हणतात काय?" आणि माघारी वळून घोडी तयार ठेवण्यास सांगितले, आणि आठ दिवस पाहू, पिलू ऐसेच राहिले तर तह मोडला ऐसे धन्यास लिहून निघू, ऐसे कळविले. विसाजीपंत हात जोडून पुढे आले. म्हणाले, "महाराज, अपराध्यास कोठडी, एवढीच रीत मला ठाऊक."

तेव्हा माळावरील ठकूबाई धनगरीण, जिची कुत्री शंभर मेंढरे राखीत, तिला बोलावणे गेले. ती आली, लवंगीस पदरात घेऊन तिच्या हिरड्या पाहिल्या, आणि मग पिंजऱ्यात डोके घालून वास घेतला आणि म्हणाली, "सरकार, ह्यात आधी काय ठेवत हुता?"

"चित्ता," महाराज बोलिले.

"त्याचा वास अजून हाय. तुम्हांस्नी येत न्हाई, तिला येतो. आईपासनं तोडलेलं लेकरू तुम्ही वाघराच्या घरात कोंडलं."

राजाशी ऐसे बोलणे दरबाराने कधी ऐकिले नव्हते. महाराज मात्र रागावले नाहीत, म्हणाले, "बाई, आता काय करावे ते सांगा." मग तिने सांगितल्यावरून सुतारांनी सागवानी पिंजरा केला, उभे राहता यावे, वळता यावे, निजता यावे एवढाच, आणि आत महाराजांचा जुना अंगरखा अंथरिला, आणि दार दोरीने उघडे बांधून ठेविले. ठकूबाई म्हणाली, "ढकलायचं न्हाई. शेजारी बसायचं आणि भाकरीचा तुकडा आत टाकायचा. तिला वाटंल तवा जाईल."

महाराजांनी विचारिले, "हे काम हुजऱ्याने केले तर?"

"मग ती हुजऱ्याची व्हईल, सरकार."

महाराज पागोटे उतरवून भुईवर बसले. सरदार एकमेकांची तोंडे पाहू लागले. पहिले दिवशी लवंगीने आत नुसती मान घातली, दुसरे दिवशी आत बसून खाल्ले, तिसरे दिवशी दार दहा अंक मोजण्यापुरते लाविले, आणि मग वीस, आणि मग एक घटिका. नुसती कुरकुरली तर गप्प होईतो थांबावे, आणि निजून उठून कुरकुरली तर तिला बाहेर जाणे आहे ऐसे समजून तत्काळ उचलावे, हा भेद महाराज शिकले. खाणे जाहले की बाहेर, खेळणे जाहले की बाहेर, रात्रीही दोन वेळा बाहेर, ऐसा क्रम चालला, आणि एके पहाटे निंबाजी मुजऱ्यास आले तो महाराज चिंचेखाली दवात अनवाणी उभे, आणि पिलास म्हणत आहेत, "कर, बाई, कर." तिने केले. महाराजांनी तिचे ऐसे कौतुक केले की निंबाजी बाजूस येऊन पंतांस म्हणाले, "मी घाटावरचा किल्ला घेतला तेव्हा एवढी शाबासकी नव्हती मिळाली." पाचवे दिवशी लवंगीने पंतांची वहाण कुरतडली, आणि पंत रागाने तिला मानगुटीस धरून पिंजऱ्याकडे नेऊ लागले. महाराजांनी त्यांचे मनगट धरिले. "रागाने तेथे न्यायचे नाही, पंत. ते तिचे घर आहे." पंतांनी पिलू खाली ठेविले आणि कुरतडलेली वहाण उचलून ते बाहेर गेले.

आठवे दिवशी वकील आले, बाहेर घोड्यांवर खोगीर चढलेले, आणि इतक्यात नगारखान्यात नौबत झडली. लवंगी दचकली आणि पळाली, महाराजांच्या पायांतून, वकिलांच्या पुढून, आणि सर्वांस वाटले आता ती वाड्याबाहेर गेली. तो ती थेट सागवानी पिंजऱ्यात शिरली, गिरकी घेऊन अंगरख्यावर बसली आणि उघड्या दारातून सर्वांकडे पाहू लागली. कोणी हाक मारिली नव्हती. वकिलांनी वाकून पिंजऱ्यात पाहिले. मग आपल्या माणसास म्हणाले, "खोगीर उतरवा."

दुसरे दिवशी महाराज तिला प्रथमच पिंजऱ्यात दार लावून एकटी ठेवून दरबारास बसले. एक प्रहर गेला, महाराजांचे चित्त दाराकडे, आणि दरबार बरखास्त होताच झपाट्याने आत आले. लवंगी निजली होती. तिने एक डोळा उघडिला, महाराजांस पाहिले आणि मिटला.

"बाई," महाराजांनी आड बसून कान देणाऱ्या ठकूबाईस विचारिले, "ही रडली किती?"

"रडली न्हाई, सरकार."

"एकदाही नाही?"

"एकदाबी न्हाई."

महाराज तेथेच उभे राहिले. इतके दिवस याचकरिता श्रम केले, आणि ते साधले तेव्हा छातीत काही लागले, याचे त्यांस स्वतःसच नवल वाटले. हळू आवाजात म्हणाले, "मग आम्ही तिला नकोसे जाहलो काय?"

ठकूबाई म्हणाली, "न्हाई, सरकार. तुम्ही माघारी येता ह्ये तिला कळलं."

महाराज भुईवर बसले, आणि त्यांच्या डोळ्यांस पाणी आले ते मागून आलेल्या विसाजीपंतांनी पाहिले, आणि तोंड फिरविले.

येणेप्रमाणे अर्ध्या महिन्याचे वर्तमान. तह राहिला, नदीचा उतार दोन्ही राज्यांस खुला जाहला, आणि लवंगी त्या घरात निर्भय निजू लागली. जाणते वाचतील ते लिहिणाराच्या चुका पदरात घेवोत. येथे लेखणी ठेविली.