आल्हाट काका आणि रजेवरचे साहेब

माफी मागूनच सुरुवात करतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. एखाद्या माणसाबद्दल लिहायचं तर त्याला आधी विचारावं लागतं का, हे मला कुणी शिकवलेलं नाही. आल्हाट काकांना विचारलं असतं, तर त्यांनी लेखी अर्ज करायला सांगितला असता. तरी लिहितो, कारण गेले तीन आठवडे मला दुसरं काही सुचत नाही.

आल्हाट काका बसमध्ये टेबललॅम्प घेऊन फिरतात. कापडी पिशवीतून त्याची मान बाहेर आलेली असते. एकदा शेजारच्या प्रवाशाने विचारलं, "अंकल, लैंप कहाँ ले जा रहे हो?" काका म्हणाले, "ड्यूटी पर है." आणि ते खरंच होतं.

काका इथे राजधानीत, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. राहायला आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, एकटेच. बंद पडलेले कॉम्प्युटर चालू करून देणं हा त्यांचा छंद. माझी त्यांची ओळख त्यातूनच झाली. मुनिरक्यातल्या माझ्या खोलीत मी एक जुना डेस्कटॉप घेतला होता. प्रबंध जमा करायला चार दिवस उरले असताना तो सुरूच होईना. ओळखीच्या एका मराठी कुटुंबाने काकांचा नंबर दिला.

काका आले, चपला दाराबाहेर काढल्या आणि कॉम्प्युटरकडे पाठ करून बसले.

"काका, बंद पडलाय," मी म्हणालो.

"साहेब रजेवर आहेत," काका म्हणाले. "बंद पडलाय असं तपासाआधी म्हणायचं नाही."

मग त्यांनी पिशवीतून लॅम्प काढून भिंतीतल्या सॉकेटला लावला. लागला. "भिंत निर्दोष," असं त्यांनी एका कागदावर लिहिलं आणि खाली सही केली. मग तोच लॅम्प एक्स्टेन्शन बोर्डला. मग वायर बदलून पाहिली. प्रत्येक पायरीला एक ओळ, एक सही.  मी म्हणालो, "काका, सरळ उघडून बघू या का?"

"अहो सोपान, खालच्या टेबलाचा शेरा नसताना फाइल वर जाते का?"

ते सगळ्यांनाच अहो म्हणतात. माझ्या वडिलांना आमच्या गावात कुणी अहो म्हणत नाही, त्यामुळे मला तेव्हा उगाच रडू आल्यासारखं झालं.

पाऊण तासाने ते कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या मागे गेले. तिथे पॉवर सप्लायच्या डब्याला एक छोटं बटण असतं. ते बंद होतं. माझ्या रूममेटने बनियन वाळत घालायला कॅबिनेट भिंतीला सरकवलं होतं, तेव्हा ते दाबलं गेलं असणार. काकांनी कागदावर शेवटची ओळ लिहिली, "साहेब कामावर रुजू. कारण : बनियन." आणि तो कागद मला दिला.

त्यानंतर मी दर रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागलो. ते खिचडी करायचे, मी भांडी घासायचो. बैठकीच्या खोलीत एक कॉम्प्युटर टॉवेलखाली झाकून ठेवलेला होता. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तेही रजेवर आहेत." पण त्याची तपासणी कधी झाली नव्हती. सगळ्या वस्तीचे कॉम्प्युटर उठवणारा माणूस स्वतःच्या कॉम्प्युटरचा टॉवेल फक्त धुवायला काढायचा.

गेल्या महिन्यात त्यांनीच सांगितलं. निवृत्ती जवळ आली होती, नंतर क्वार्टर सोडायचं होतं, सामान बांधायला काढलं होतं.

त्यांना एक मुलगी आहे, प्रिया. काकू गेल्यावर बापलेक दोघंच. प्रिया नागरी सेवेच्या परीक्षेत तीनदा नापास झाली आणि म्हणाली, आता बस, मी नागपूरला मैत्रिणीबरोबर बेकरी काढते. काका म्हणाले, "रिकाम्या हाताने या घरात येऊ नकोस." ती आली नाही. चार वर्षं दोघं बोलली नाहीत. मग गेल्या वर्षीच्या मे महिन्यात काकांनी तिला मेल केला. विषय : घरी परत येण्याबाबत. मजकूर एकच ओळ, "आपण यावे, ही विनंती."

उत्तरासाठी त्यांनी कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू ठेवला. पण डाक दिवसातून दोनदाच उघडायची, सकाळी नऊला आणि संध्याकाळी सहाला, हा त्यांचा नियम. तिसऱ्या दिवशी शनिवार होता. काका शेजारीच पेपर वाचत बसले होते. दुपारी टिंग असा आवाज आला.

"मग?" मी विचारलं.

"सहा वाजायचे होते." काका भांड्यांकडे बघत म्हणाले. "चारला लाइट गेली. आली, पण हे उठले नाहीत."

"दुसरीकडे मेल उघडायचा ना."

"पासवर्ड तिने घातलेला. तिलाच ठाऊक."

"मग तिला फोन?"

"पत्र गेलंय, उत्तर प्रलंबित आहे. मधे फोन करणं म्हणजे दबाव." मग ते हळूच म्हणाले, "आणि जाहिरात असेल हो. जाहिराती फार येतात. उघडून जाहिरातच निघाली, तर मग माझ्याकडे काय राहिलं?"

तेरा महिने ते त्या टिंगवर जगत होते.

त्या रविवारी त्यांनी टॉवेल काढला आणि लॅम्प माझ्या हातात दिला. "तुम्ही करा. मला जमणार नाही." मी पायरीपायरीने गेलो. भिंत, बोर्ड, वायर, मागचं बटण. काका खिडकीकडे तोंड करून माझा प्रत्येक शेरा लिहून घेत होते. पॉवर सप्लाय गेला होता. तसाच एक नवा डबा त्यांच्या ड्रॉवरमध्ये खोक्यात पडून होता. बदलायला मला दहा मिनिटं लागली.

पंखा फिरला. पडदा उजळला. मेलचा प्रोग्राम आपोआप उघडला. सगळ्यात वर तो मेल होता, त्या शनिवारचा, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांचा.

"वाचा," काका म्हणाले. वळले नाहीत.

मी वाचलं.

"बाबा, पुढच्या रविवारी सकाळी निजामुद्दीन स्टेशनला उतरते. तुम्ही न्यायला आलात तर घरी येईन. नाही दिसलात तर तुमचं मन बदललं असं समजेन आणि तिथूनच परत फिरेन, पुन्हा विचारणार नाही. नेहमीसारखे दोन तास आधी येऊन उभे राहू नका. ऊन फार आहे."