घरच्या कपाशीचा बोळा

लग्नाच्या मांडवात डीजे सुरू झाला की माझी धाकटी जाऊ वैशाली पर्समधून हळदी-कुंकवाची डबी काढते. दोन कप्प्यांची, जुनी, जर्मनची. नवख्या माणसाला वाटतं, आता ही कुणाला तरी कुंकू लावणार. ती एक कप्पा उघडते, आतले कापसाचे दोन बोळे काढते आणि आधी उजव्या, मग डाव्या कानात नीट बसवते. कापूस घरच्या शेतातला, सरकी काढून हातानं पिंजलेला. मग डबी मिटून मांडीवर ठेवते आणि गावच्या पाण्याची टाकी बघत बसावं तशी समोरची वरात बघत बसते.

मी तिच्या शेजारीच असते. माझंही डोकं ठणकत असतं. छातीत असं धडधडतं, की मंगळसूत्र हलताना दिसतं. पण मी घरातली मोठी सून. मोठ्या सुनेनं कानात कापूस घातला तर नवरदेवाची आई वर्षभर रुसून बसेल. म्हणून मी हसते, टाळ्या वाजवते, आणि कुणी हात धरून ओढलं तर नाचतेसुद्धा. सांगायला लाज वाटते, पण सांगून टाकते. मला त्या बोळ्यांचा हेवा वाटतो. बोळ्यांचा आणि वैशालीचाही.

आमचं गाव तापीकाठचं, शहाद्याहून जवळ. मी इथं नांदायला आले त्याला बावीस वर्षं झाली. वैशाली माझ्यामागून नऊ वर्षांनी आली, नवापूरहून. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा धडगावच्या वाटेवर, डोंगरात. रोज जीपनं जाते आणि जीपमधली ड्रायव्हरच्या मागची खिडकी तिची. तिथं दुसरं कुणी बसलेलं असलं तर ही भांडत नाही, काही नाही, सरळ पुढच्या जीपची वाट बघत उभी राहते. आता जीपवाले ती जागा कुणाला देत नाहीत. त्याच जीपवाल्यांनी मला एकदा मागच्या दारात कांद्याच्या गोणीवर बसवून आणलं होतं.

अंदाज म्हणून काही असतो, हे वैशालीला मान्य नाही. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मी तिला म्हटलं, "भाजीमा थोडं मीठ टाक." तिनं डबा हातात धरून विचारलं, "म्हंजे नक्की कितलं?" हे तिचं पेटंट वाक्य. "जरा वेळानं ये" म्हटलं तरी "म्हंजे नक्की कितलं?" आणि "तुन्ही लई आठवण येस" म्हटलं तरी तेच. त्या दिवशी मी वैतागून म्हटलं, "साडेतीन चिमटी." तिनं मोजून साडेतीन चिमटी मीठ टाकलं. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "आते जमनी भाजी." नऊ वर्षं मी त्याच चुलीवर त्याच वांग्यांची भाजी करत होते. तेव्हापासून आमच्याकडे साडेतीन चिमटीच चालतं आणि ते माप वैशालीचं म्हणून ओळखलं जातं.

पाहुण्यांचंही तसंच. आमच्याकडे "चहा ठेवू का?" असं विचारलं की पाहुण्यानं तीनदा "नको" म्हणायचं आणि आपण चौथ्यांदा पातेलं चढवायचं. वैशाली एकदाच विचारते. पाहुणा "नको" म्हणाला की "बरं" म्हणून आत निघून जाते. एकदा माझ्या नवऱ्याचे मामा असेच दोन तास कोरडे बसून परत गेले. मी म्हटलं, आता हिला चांगलं ऐकावं लागणार. तर पुढच्या खेपेला मामा दारातूनच म्हणाले, "वैशाली, चहा टाक व माय, मी नही म्हनाव नही." आणि सगळं घर हसलं. मी चौथ्यांदा पातेलं चढवल्याबद्दल आजवर कुणी हसलेलं नाही.

सासूबाई तर तिच्या शब्दावर विसंबून असतात. साडी कशी दिसते हे मला विचारतात, मी छान म्हणते, मग हळूच तिच्याकडे वळून पुन्हा विचारतात. "वैशाली बोलनी म्हंजे खरंच ऱ्हाई," असं त्या चारचौघींत सांगतात, मी तिथं असताना.

एवढ्यावर भागलं असतं. पण तीन वर्षांपूर्वी माझी आई गेली, तिकडे अक्कलकुव्याकडच्या गावी. आमच्याकडे माणूस गेलं की 'दारवर' जायची रीत आहे. बायका गल्लीच्या तोंडापासूनच हंबरडा फोडत येतात, घरातल्या बाईच्या गळ्यात पडतात, पोटभर रडतात, मग पाणी पितात आणि बोलायला लागतात. माझ्या सासरहून जीप भरून बायका आल्या. प्रत्येकीनं मला पोटाशी धरलं. वैशाली सगळ्यांत शेवटी आली. कोरड्या डोळ्यांनी माझ्यासमोर तीन हात अंतरावर उभी राहिली. तिला कुणी अंगाला अंग लावलेलं सोसत नाही, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशीसुद्धा? जरा वेळ उभी राहून ती मागच्या मोरीवर गेली आणि आलेल्या-गेलेल्यांची सगळी भांडी घासत बसली. संध्याकाळपर्यंत. माझी भावजय आजही त्या भांड्यांचं कौतुक करते. मी मात्र मनात गाठ मारून ठेवली, की हिला काहीच वाटलं नाही.

लग्नाहून किंवा दारवरून आलो की वैशाली खोलीत पडदे ओढून, कपाळावर ओला फडका ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत पडून राहायची. आणि मी? मी आल्या पावली चुलीपुढे. हिचे नखरे, मी म्हणायची. मोठ्यानं नाही, पण भांडी आपटत.

मागच्या वर्षी तालुक्याला तिच्या शाळांचं एक प्रशिक्षण झालं. वर्गातलं वेगळं मूल कसं ओळखायचं, त्यासाठी प्रश्नांची यादी दिली होती. वैशालीनं वर्गातली एक मुलगी डोळ्यांपुढे आणून यादी भरली. मुलीला चार खुणा पडल्या. कागद वाया जाऊ नये म्हणून तिनं बाजूला स्वतःचं नाव लिहिलं. सतरा पडल्या. दिवाळीच्या सुटीत ती नवऱ्याला घेऊन सुरतेला डॉक्टरकडे गेली. माझ्या दिरांनी डॉक्टरांना एकच विचारलं, गोळ्या किती दिवस. गोळ्या नसतात म्हटल्यावर ते निर्धास्त होऊन घरी आले.

मग एका दुपारी गच्चीवर आम्ही मिरच्यांचे देठ खुडत बसलो होतो, तेव्हा वैशाली म्हणाली, "ताई, माले ऑटिझम शे." पावडरचा डबा संपला हे ज्या आवाजात सांगावं त्याच आवाजात. मग तिनं मला समजावून सांगितलं. मेंदूची ठेवण जन्मापासून वेगळी असते. आवाज, गर्दी, समोरच्याच्या चेहऱ्यावरचं आणि न बोललेलं, हे बाकीच्यांना आपसूक कळतं ते तिला एकेक करून शिकावं लागतं. रोग नव्हे, म्हणून औषधही नाही. मी मान डोलवत होते. आणि माझ्या मनात काय आलं असेल? हेही हिलाच मिळालं. मीही गर्दीत गुदमरते, मलाही पाहुण्यांचा वीट येतो, पण माझ्याकडे सुरतेचा कागद नाही.

"लोकेस्ले सांगू का?" तिनं विचारलं.

"काबरं सांगनं? लोके काय म्हनतीन?"

"म्हंजे नक्की कोन कोन म्हनतीन?"

मी बोटांवर मोजून नावं सांगितली. चुलत सासू, शाळेतल्या बाई, तिच्या मुलीला उद्या बघायला येतील ते. ती सगळं लक्ष देऊन ऐकत होती, जणू मी पत्ता सांगत होते. मी सांगितलेली कारणं खोटी नव्हती. पण खरं कारण मी सांगितलं नाही. एकदा का हे जाहीर झालं की ही कायमची सुटणार, आणि तिच्या वाटचं हसणं-रडणंही माझ्यावर पडणार. "नको सांगू," मी म्हटलं. पुढच्या महिन्यांत तिनं आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी तेच सांगितलं.

त्यानंतर एकदा पाहुणे यायचे होते. मी जिन्यावरून उतरत होते, तर खाली वैशाली भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होती. "बसा. पाणी आनस. परवास बरा व्हयना का?" तीन वेळा म्हणाली. मधेच थांबून तिनं ओठ ताणून हसून बघितलं. ते हसणं माझं होतं, मांडवातलं. मी पाऊल न वाजवता परत वर गेले.

या वैशाखात शेजारच्या घरी हळद होती. डीजे लागला, डबी उघडली, बोळे कानात गेले. चुलत सासू माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "हाई कोनसंगे बोलस नही. मास्तरीन शे म्हनीसन कितला तोरा." चार बायका हसल्या. मला एक वाक्य बोलता आलं असतं. मी त्या बायकांबरोबर हसले.

वैशाली उठली आणि मांडवामागे गेली. कुणाला काही कळलं नाही, पण मला बसवेना. मागे कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग होता, ती त्यावर बसली होती. डबी मांडीवर.

"कापूसमाईन ऐकू येस?" मी विचारलं.

"येस. बोलनं समदं ऐकू येस. आवाज टोचत नही, इतलंच."

माझी मान खाली गेली. मी म्हटलं, "सांगी दे सर्वास्ले. मी संगे उभी ऱ्हास. आत्तेच चाल."

"सर्वास्ले नही सांगनं माले. माले तुमले सांगनं व्हतं." ती माझ्याकडे नाही, डबीकडे बघत होती. "तुमनी माय गई तवय माले रडू उनं नही. तुमले वाटनं व्हई, हिले काहीच वाटनं नही. तसं नव्हतं. ते तुमले कसं सांगो, माले समजे नही. डॉक्टरना कागद भेटना तं मी तुमले सांगं."

"मंग लोकेस्ले सांगू का म्हनीसन काबरं विचारं?"

"तुमी काहीच बोलन्या नहीत. पुढे काही तरी बोलनं पडस ना."

तीन वर्षं मी ती गाठ मारून बसले होते. ती सोडायला ही बाई सुरतेपर्यंत जाऊन आली होती, आणि मी तिला लोकांची नावं मोजून दाखवली. मला रडू आलं. दारवर येतं तसं नव्हे, आवाज न करता. वैशाली जरा गोंधळली. रडणाऱ्या माणसाला काय करायचं ते ती अजून शिकत असावी. तेवढ्यात मांडवात गाणं बदललं, पऱ्हाट्या थरथरायला लागल्या आणि मी सवयीनं कपाळ दाबलं.

तिनं डबीचा दुसरा कप्पा उघडला. तिथं कुंकू असेल असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आत कापसाचे दोन बोळे होते, जुने, जरा पिवळे पडलेले.

"ही तुमनी जोडी शे. तीन वरीस व्हयनात."

"मंग दिधी का नही, व माय?"

"तुमी हसी ऱ्हायन्या व्हत्यात," ती म्हणाली. "हसनारा मानूसले कापूस देवाना का नही, ते माले समजनं नही."

मी बोळे घेतले. घाईघाईनं एक डाव्या कानाकडे नेला, तर तिनं माझं मनगट धरलं. कुणाला हात न लावणाऱ्या वैशालीनं.

"आधी उजवा," ती म्हणाली.

मी आधी उजवा घातला.